अनुभव नऊवर

३ नोव्हेंबर
अनुभव पुन्हा नऊवर. काल ऑफिसातून निघताना मी तो चारवर ठेवला होता — चांगलं आठवतं. कुणीतरी हात घालतंय.

४ नोव्हेंबर
आज परत नऊ.
कॉम्प्युटरवरच्या खेळात आमच्या प्रत्येकाचं एक पात्र. त्याचा वेग, नेम, संयम, अनुभव प्रोग्रामात भरलेले. कुठल्या भूमिकेला कोणता गुण किती मोलाचा, ते वजन दहापैकी मी लावायचं — संघप्रमुख मी. मग प्रोग्राम नावं काढून देतो. कारागंडा शहरातल्या स्पर्धेला पाच जण जाणार, आम्ही आहोत सहा. अनुभव नऊवर असला की झानेल गळणारच, सगळ्यांत नवी ती. ती उन्हाळ्यात आमच्या वर्तमानपत्रात लागली; जखमी पात्राला तिच्याइतकं झटपट कुणी उभं करत नाही. ती गळाली तर पहिल्याच फेरीत घरी!
चारवर कोण गळेल? पाहिलेलं नाही. मजकूर पक्का झाल्याशिवाय मथळा लावायचा नाही, ही जुनी सवय. वजनं पक्की झाल्याशिवाय नावं काढत नाही. पण अंदाज आहे — अस्खात. हात जड. आणि तो आमच्याच संघातल्या दाउरेनचा मेहुणा.

५ नोव्हेंबर
दाउरेन चहा घेऊन टेबलापाशी आला. मी न विचारता! "आगा, वजनं ठरली का?" (मी वयानं सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांचा आगा.) एवढी घाई का याला?

६ नोव्हेंबर
पासवर्ड बदलला. नवा फक्त दाउरेनला सांगितला, "मी आजारी पडलो तर असावा" म्हणून. बघू.

७ नोव्हेंबर
नऊ.
सापडला. पोरगा मनानं वाईट नाही, म्हणून जास्त लागलं. उद्या त्याच्याच घरी सगळ्या संघाला जेवण आहे. तिथेच विचारतो.

८ नोव्हेंबर
दाउरेनच्या आईनं बेशबार्माक केलं होतं, उकडलेलं मांस आणि पिठाच्या पट्ट्या. मेंढ्याचं डोकं, मानाच्या वडीलधाऱ्याचा वाटा म्हणून, माझ्यापुढे. कान कापून पोरांना दिले, आणि मग विचारलं — वजनांना कोण हात लावतं?
दाउरेन ताटात बघत राहिला. अस्खात म्हणाला, "माझ्याकडे काय बघता? मला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही."
"मी लावते, आगा," झानेल म्हणाली. "पासवर्ड दाउरेनकडून घेतला."
"तू? स्वतःलाच बाहेर काढायला?"
"चारवर कोण गळतं ते पाहिलंत का?"
अस्खातच हळूच म्हणाला, "ज्याच्यापुढे डोकं ठेवायचं, त्याला पंगतीतून उठवायचं कसं?"
दाउरेनच्या आईनं माझ्या ताटात आणखी मांस वाढलं. खाल्लं.

९ नोव्हेंबर
चारवर ठेवून नावं काढली. माझं नाही. पाचवर — नाही. सातवरसुद्धा नाही.
वसंतातल्या स्पर्धेला पाचांपैकी चारच जाणार होते, तरी मी होतो. तेव्हा वजनं कुणी लावली होती? विचारलं नाही. विचारणार नाही.

१० नोव्हेंबर
अनुभव चारवर ठेवला. पासवर्ड सगळ्यांना कळवला. म्हटलं, कुणाला बदलावंसं वाटलं तर बदला, मी काही विचारणार नाही. नावं उद्या दुपारी पाठवतो.
दाउरेन "बरं, आगा" म्हणाला.

११ नोव्हेंबर
दुपारपर्यंत तीनदा उघडून पाहिलं. चारच.