दगडातलं पाखरू

बर्लिन, डिसेंबर २००३

आई, तुझ्या शिवकन्येचा दुरून नमस्कार.

मी बरी हाय. थंडी लई, पण तू शिवलेली वाकळ पुरते.

बाबांचं पत्र आलं. दुष्काळामुळं ते बैलांपाशी चारा छावणीत राहिले आन् तू एकटीच सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला गेलीस. नवरा-बायकोची जोडी म्हंजे एक कोयता; जोडीदार न्हाई म्हणून मुकादम तुला ‘अर्धा कोयता’ म्हणतो. मोळी डोक्यावर कोण चढवून देतं? कंबर कशी हाय? कोंबड्या तिथल्या पाचटाच्या कोपीवर नेल्यास ना?

काल इथल्या म्युझियममध्ये दगडात उमटलेलं लई जुनं पाखरू पाहिलं. पिसं हायेत, पण तोंडात दात, पंखांना नख्या आन् सरड्यासारखी हाडाची लांब शेपटी. कोंबडी सोलताना तू म्हणायचीस, “हिचे पाय बघ, सरड्याचेच हायेत.” खरं बोलायचीस.

मला इथं शिकवणाऱ्या सरांना मी म्हणाले, हे अर्धं पाखरू, अर्धा सरडा. सर चिडलेच. “अर्धं कशानं? जित्तं होतं तवर स्वतःचं पोट स्वतः भरत होतं. अर्धं तर आपण म्हणतो, कोट्यवधी वर्षांनी.”

मी चुकले होते. आन् डोळ्यांपुढं तूच आलीस.

आई, मुकादमानं ‘अर्धा कोयता’ म्हणून हाक मारली, तर ओ देऊ नको. सुभद्राबाई म्हणू दे, मगच उठ.

तुझी,
शिवकन्या