बाबांची मेरिनोची बंडी

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलो, उरलेला तू मानून घे).

भावोजींचा खोकला थांबला असेल, पोरींचे पेपर चांगले गेले असतील आणि तुझे गुडघे बरे असतील असं धरून चालतो. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे दुकान चालतं, शिलाईचं मशीन अधूनमधून चालतं, आणि तुझी भावजय माझ्याशी बोलते आहे. बाबांचं मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, आणि त्यासाठी आधी कापडाचं लिहायला हवं.

जन्मभर लिफ्टमध्ये उभं राहून बाबांनी लोकांना वर नेलं, खाली आणलं. निवृत्त झाल्यापासून मात्र ते खुर्चीतून हलेनात. सारखी थंडी वाजायची, आणि लोकरीचं काही चढवलं की खाजवत सुटायचे. त्यांचा काळा कोट कसर लागली म्हणून तू जुने कपडे नेणाऱ्याला देऊन टाकलास आणि तुमचं बोलणं तुटलं, ते तुला मी काय सांगू (त्या कोटानेही त्यांना खाजच यायची, पण हे ते कबूल करायचे नाहीत).

तर मध्यंतरी आमचा कापडवाला दुपारी एक राखाडी गठ्ठा घेऊन आला. म्हणाला, "मेरिनो मेंढीची लोकर आहे. धागा इतका बारीक, की टोचायच्या आधीच वाकतो. थंडीत ऊब, उन्हात गारवा." मी नुसता हात ठेवला, आणि ताई, हात तिथेच राहिला. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, पंखा हळूहळू फिरत होता, आणि कापडात बोटं अशी बुडत गेली की मी गाल कधी टेकला तेच कळलं नाही. एक गिऱ्हाईक येऊन, माझ्याकडे बघून, दार हलकेच लोटून परत गेलं म्हणे. जागा झालो तो ठरवूनच, की याची बाबांना लांब बाह्यांची बंडी शिवायची. कापताना कात्रीचा आवाजसुद्धा येत नव्हता. धुकं कापतोय असं वाटत होतं.

बाबांनी बंडी घातली आणि सवयीने मान खाजवायला हात नेला. पण खाज सापडेना. बराच वेळ शोधली. मग डोळे मिटून म्हणाले, "लिफ्ट सुटताना पोटात होतं ना, तसं होतंय." आणि झोपले.

त्यानंतर त्यांनी बंडी काढलीच नाही. तुझी भावजय बादली घेऊन मागे, बाबा पुढे, अशा घरात फेऱ्या झाल्या. कापडवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे या लोकरीला घामाचा वास लवकर लागत नाही. ते तपासायला आम्ही दोघांनी ते झोपलेले असताना आळीपाळीने हुंगून पाहिलं. माझं नाक त्यांच्या काखेत असतानाच त्यांनी डोळे उघडले.

"काय शोधतोयस?"

"वास."

"मिळाला?"

"नाही."

"मग झोपू दे."

खरी गंमत पुढेच. एका दुपारी खुर्ची रिकामी! गळ्यातल्या टेपसकट मी रस्त्यावर धावलो. बाबा बागेत, भर उन्हात, लोकर घालून, डोळे मिटून बाकावर. म्हाताऱ्याला ऊन लागलं असं समजून माळ्याने त्यांच्यावर पाण्याची नळीच सोडली होती. सभोवती माणसं जमलेली, आणि बाबा भिजून शांत बसलेले. म्हणाले, "ओलं असूनही ऊबच आहे रे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिफ्ट वर चालली होती. मजलेच संपेनात. दार उघडलं तर नुसतं गवत, लांबवर मेंढ्या बसलेल्या. आणि ताई तुझी, फ्रॉकमधली, एवढीशी. हात वर करून म्हणत होती, थांबा, मला घ्या. मी दार लावून घेतलं."

"मग?"

"मग पाणी पडलं."

घरी येईपर्यंत ते बाही चाचपत होते. असो. चांगल्या कापडाची तुला माहिती असावी, एवढ्याचसाठी हे लिहिलं.

तुझा,
धाकटा

ता. क. बंडी गार पाण्यात धुवायची, पिळायची नाही, सावलीत आडवी पसरायची. गरम पाण्यात टाकलीस तर आटून तुझ्या धाकटीला बसेल.

ता. क. (दुसरा) हे तुला का सांगतोय, तर बाबा येत्या रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येताहेत. पिशवी त्यांनीच भरली. दारात उभं राहून म्हणतील, की नुसतं कापड दाखवायला आलो. तू बाहीला हात लावून बघ. जुनं काही उकरू नकोस, तेही उकरणार नाहीत.

ता. क. (शेवटचा) किती दिवस राहणार असं विचारलं, तर म्हणाले, "बंडी फाटेपर्यंत." ताई, रागावू नकोस, पण शिवण मी दुहेरी घातली आहे.