बादलीतली नऊ रोपं

शनिवार, १२ मार्च

ती. बाबा,

दोन महिने पत्र नाही, चुकले. मी ठणठणीत आहे, काळजी नको. तुमचा गुडघा कसा आहे? आईला विचारलं की ती नुसतं "बरंय" म्हणते.

वस्तीमागच्या आमच्या सामाईक रानात बाहेरच्या झुडपांनी सगळी जागा बळकावली आहे. दर रविवारी आम्ही दहा-बारा जण ती मुळासकट उपटतो. आमचे म्होरके निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. गेल्या रविवारी माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईंकडून शिका! तुम्ही नुसते वाकता, त्या उपटतात."

सगळे हसले. मी उपटलेल्या माझ्या ढिगाकडे पाहिलं. त्यात नऊ रोपं रानाची स्वतःची होती, मास्तरांनी तीन वर्षं पाणी घालून जगवलेली. पान अगदी त्या झुडपांसारखं, फरक फक्त वासाचा. "आधी पान चोळ, वास घे, मग उपट," हे तुम्ही परसात शंभरदा सांगितलंत. मी हातमोजे काढायचा कंटाळा केला.

रोपं पिशवीत लपवून घरी आणली, बादलीत लावली. पाचांनी माना टाकल्या, चार तगून आहेत. जगली तर गुपचूप परत लावू, असं आठवडाभर मनाला समजावते आहे. पण उद्या सगळे माझं बघूनच, वास न घेता उपटणार, बाबा.

आईला यातलं काही सांगू नका. गुडघ्याचं मात्र खरं कळवा.

तुमची,
धाकटी

उद्याचं काम: उपटणी सुरू व्हायच्या आत बादली मास्तरांच्या हातात देणे.