आवाज गेला की धुळ्याला

सोमवार, ११ नोव्हेंबर
सूनबाईने, म्हणजे ज्योत्स्नाने, खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी दिली. म्हणाली, आई, मनातलं लिहीत जा, डोकं हलकं होतं. माझं डोकं हलकंच आहे. चौथीच्या पुढे त्यात कोणी काही भरलं नाही. पण कागद वाया घालवायचा नाही म्हणून लिहिते.

धुळ्याहून हेमांगीचा फोन आला होता. माझी धाकटी बहीण पुष्पी, तिची ही सून. मला नाही केला, माझ्या नातवाला, स्वप्नीलला केला. पुष्पीला दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या. घरी पाठवलं म्हणजे उतार पडला असणार. ती लहानपणापासून अशीच. शिंक आली तरी गाव गोळा करायची.

स्वप्नील म्हणाला, आजी, रविवारी माझ्या गाडीने जाऊन येऊ. म्हटलं, जाऊ की. मी कुठे नाही म्हणते. नऊ वर्षं बोलत नाही ती गोष्ट वेगळी. तिच्या मुलाच्या, लीलाधरच्या, लग्नात मोठ्या बहिणीला दुसऱ्या पंगतीला बसवलं. मी भांडले नाही. न जेवता उठले आणि बोलणं बंद केलं, एवढंच.

गुरुवार, १४
गाडीत बसून पाहिलं. स्पोर्ट कार म्हणतात. लाल भडक, दोनच दारं, सुरतेहून जुनी आणलेली. बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. ज्योत्स्नाने पुढून धरलं, स्वप्नीलने मागून, तेव्हा बूड टेकलं. त्याने चावी फिरवली आणि पाठीचा मणका न् मणका वाजला. आधीच्या मालकाने सायलेन्सर कापून तिथे सरळ नळी बसवलीय. मुद्दाम. गाडी ओरडावी म्हणून. गोंगाट विकत घेणारा आमच्या घराण्यात हा पहिला.

चौकापर्यंत गेलो. स्वप्नील काहीतरी सांगत होता. तोंड हलताना दिसलं.

उतरल्यावर स्पष्ट सांगितलं, असल्या आवाजात मी धुळ्यापर्यंत येणार नाही. कान फुटले तर पुष्पीचं ऐकायचं कशाने? आधी आवाज घालव, मग जाऊ. माझं म्हणणं रास्त आहे.

ज्योत्स्ना म्हणाली, मग बसने जा ना आई, बसेस काय कमी आहेत का. म्हटलं, दारात नातवाची गाडी उभी असताना मी बसने गेले तर धुळ्यात पुष्पीच्या देवपुरातल्या बायका काय म्हणतील? ती म्हणाली, काही म्हणणार नाहीत. तिला देवपुरातल्या बायका माहीत नाहीत.

रविवार, १७
नवीन नावाचा मेकॅनिक आला. गाडीखाली शिरला, बाहेर आला, म्हणाला, आजी, सायलेन्सर बदलून टाका. संध्याकाळपर्यंत काम होतं.

स्वप्नीलचं तोंड उतरलं. त्या आवाजासाठीच तर त्याने गाडी घेतलीय. ठिबकच्या दुकानात दिवसभर नळ्या कापतो, तेव्हा कुठे ही एक नळी नशिबी आली. मी म्हटलं, पोराची हौस मोडायची नाही. आवाज बाहेर राहू दे, आत येऊ द्यायचा नाही. थंडी पडली तर आपण थंडी बंद करतो का? पांघरूण घेतो.

नवीन म्हणाला, थंडी वेगळी, आवाज वेगळा. म्हटलं, तू कधी गादी भरलीस?

ठरलं. गाडी आतून कापसाने भरायची. बुधवारी काम संपेल. गुरुवारी धुळं.

गुरुवार, २१
काम संपलं नाही, पण झकास चाललंय. शेजारच्या तोतारामच्या मळ्यातला यंदाचा कापूस, सरकी काढून पिंजून घेतला. नवीनने दारांची आतली आवरणं काढली. आत पोकळ. म्हणजे कंपनी गाडीच्या नावाखाली हवा विकते. मी मुठीने दाबून दाबून दोन्ही दारं भरली.

आता काच खाली जात नाही. कापूस तिच्या वाटेत येतो. थंडीच्या दिवसांत काच खाली करायचीय कोणाला?

हेमांगीने पुष्पीला सांगितलं म्हणे. पुष्पी हसली. म्हणाली, अक्का गाडीनी गादी करी ऱ्हायनी का? हसायला येतंय म्हणजे बरीच आहे.

रविवारी पक्कं.

रविवार, २४
निघालो होतो. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की निघालेच नाही.

पाळधीच्या अलीकडे जळका वास आला. ज्या बाजूने ती नळी जाते, तिथे पायाखालीही मी कापूस कोंबला होता. नवीन नको म्हणाला होता, पण हळू म्हणाला होता. बघता बघता धूर. स्वप्नीलने मला ओढून बाहेर काढलं आणि प्यायच्या पाण्याच्या बाटल्या आत ओतल्या. वीटभट्टीवरची माणसं बघायला जमली. त्यातला एक म्हणाला, आजीबाई, हुरडा भाजता का? म्हटलं, हो, तुझ्या बापालाही बोलव.

कापसाचा दोष नाही. कापूस बरोबर होता. नळी गरम होती.

मग परत. स्वप्नील म्हणाला, आजी, इथून रिक्षाने एरंडोल, तिथून बस, अजून जाता येईल. म्हटलं, अर्ध्यात अडलेला प्रवास पुढे नेऊ नये. मी शकुन-अपशकुन मानत नाही. आज मानला.

गुरुवार, २८
पुष्पी रोज विचारते म्हणे, गाडीचं कुठवर आलं. स्वप्नील रोज सांगतो. त्याने धुराचंसुद्धा सांगितलं. ऐकून इतकी हसली की ठसका लागला, आणि मग नाकाला ऑक्सिजन लावावा लागला. असं सांगतात का आजाऱ्याला? मूर्ख.

तिचा निरोप आलाय. कापसाने काय होणार, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या घाल, थरावर थर. आली मोठी शिकवणारी. गोधडीचा दोरा धरायला तिला मी शिकवलं. पण म्हणणं अगदीच खोटं नाही. कोठीतल्या गोधड्या काढून उसवायला घेतल्या.

तिला उलटा निरोप मी दिलेला नाही. स्वप्नील फोनवर असताना मी शेजारी मोठ्याने बोलले, की हिरव्या काठाची आईची गोधडी मी कापणार नाही, ती सोडून बाकीच्या. त्याने सांगितलं असेल तर त्याचं तो जाणे.

रविवार, १ डिसेंबर
पायाखाली गोधडी, डिकीत गोधडी, मागच्या पत्र्याला गोधडी. नळीजवळ नाही. शिकले मी.

आवाज उतरला. वरचा वर गेला, पण खालचा हुं-हुं राहिला. तो कानातून येतच नाही, पोटातून येतो. नवीन म्हणाला, पत्रा थरथरतो. आधी पत्र्याला डांबरी शीट चिकटवायची, चांदीच्या कागदाची, म्हणजे पत्रा जड होतो. त्यावर फोम. त्यावर तुमची गोधडी. शीट नाशिकहून मागवावी लागेल. म्हटलं, मागव. अर्धवट काम घेऊन मी कोणाच्या दारात जात नाही.

स्वप्नील म्हणाला, आजी, आहे तशी गाडी काढतो, जाऊन येऊ. म्हटलं, आज डोकं दुखतंय. दुखत होतं.

बुधवार, ४
स्वप्नील दुकानातून आला तो हातात पोतं. पोत्यात सायलेन्सर. कंपनीचा, जुना, कुठूनतरी शोधून आणलेला. म्हणाला, उद्या बसवून टाकतो. तो आवाजच नको. मला काही वाटणार नाही. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

म्हटलं, मुळीच नाही. माझ्यासाठी तुझी हौस कशाला मोडतोस? शीट येताहेत.

तेव्हा त्याने बघितलं. म्हणाला, आजी, तुला खरंच जायचंय ना? म्हटलं, मग हे सगळं मी कशासाठी करतेय, तुझ्या लग्नासाठी?

स्वयंपाकघरात ज्योत्स्नाच्या हातून ताट पडलं. हल्ली तिच्या हातून फार ताटं पडतात.

शनिवार, ७. चंपाषष्ठी
शीट आल्या. गरम करून चिकटवायच्या आणि रोलरने दाबायच्या, आत हवा राहता कामा नये. नवीनचा रोलर कोपऱ्यात पोचेना. मी लाटणं आणलं. पोळीसारखंच आहे, आधी कडा, मग मधलं. नवीन म्हणाला, आजी, उद्यापासून गॅरेजवर या. म्हटलं, तुझं गॅरेज मी चालवलं तर तू काय करशील, पोळ्या?

आधी पत्र्यावर टिचकी मारली की टण्ण वाजायचं. आता ठप्प. मला इतका आनंद झाला की म्हटलं, कळव रे धुळ्याला. स्वप्नीलने लगेच फोन लावला. हेमांगी म्हणाली, आई झोपल्यात. हल्ली दिवसभर झोपूनच असतात. उठल्या की सांगते.

झोप लागतेय हे चांगलं.

सोमवार, ९
हेमांगीने आज माझ्याच फोनवर फोन केला. मी उचलला नाही, हाताला डांबर होतं. ज्योत्स्नाने उचलला आणि काही न विचारता माझ्या कानाला लावून धरला.

पलीकडे पुष्पी. मी ओळखलंच नाही आधी, आवाज एवढा बारीक. म्हणाली, अक्का, आवाज ऱ्हाऊ दे. तशीच ये.

नऊ वर्षांनी एकदम काय बोलायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. ज्योत्स्ना फोन धरून उभी. तिचा हात अवघडला असणार. शेवटी म्हटलं, छत बाकी शे. तेवढं व्हयनं का येसू.

पुष्पी हं म्हणाली. मग हेमांगी म्हणाली, बरं, ठेवते.

छताचं काम एका दिवसाचं. गुरुवारी दुपारी निघायचं. यात आता बदल नाही.

बुधवार, ११
छताचं कापड उतरवायला जागा हवी म्हणून नवीनने दोन्ही सीटा बाहेर काढल्या. अंगणात ठेवल्यात. एकीवर बसून मी मेथी निवडली. गाडीपेक्षा इथे बरं वाटतं.

पिशवी भरून ठेवली. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ घेतलं. हेमांगीला कळण्याची भाकर जमत नाही, हे सगळ्या खान्देशाला ठाऊक आहे. सकाळी छताची शीट चिकटवायची, सीटा बसवायच्या, दुपारी निघायचं. पुष्पीशी काय बोलायचं तेही ठरवलंय. आधी गाडीचं बोलायचं. मग पुढचं आपोआप येईल.

गुरुवार, १२
सकाळी फोन आला. चहा व्हायचा होता.

गाडीत सीटा नव्हत्या. स्वप्नील म्हणाला, मी बादली उपडी घालून बसतो, तू मागे गोधड्यांवर टेक. वेड लागल्यासारखं बोलत होता. ज्योत्स्नाने दोघांना धरून स्टँडवर आणलं. बसने गेलो. बस सगळ्या बाजूंनी खडखडत होती, असं ज्योत्स्ना नंतर म्हणाली.

देवपुरात पोचलो तेव्हा तिला अंघोळ घालून झाली होती. माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. माहेरचं म्हणून आता मी एकटीच. कोणीतरी विचारलं, माहेरची साडी कुठे आहे? मी पिशवी उघडली. आत पीठ. तरी मी हात घालून शोधत राहिले. सगळ्या बायका बघत होत्या, कोणी काही म्हणालं नाही.

हेमांगी आतून घडीची साडी घेऊन आली. हळूच म्हणाली, आईंनी मागच्या महिन्यातच मला आणायला लावली होती. म्हणाल्या, अक्का घाईत येईल, तिला सुचणार नाही. तुम्हीच घाला मावशी.

घातली. फिकट जांभळी. मी असला रंग घेतला नसता. तिला गडद शोभायचे.

शनिवार, २८
नवीनने छत लावून, सीटा बसवून गाडी आणून ठेवली. मी सांगितलं नव्हतं. स्वप्नील म्हणाला, चल, एकदा बसून तरी बघ.

बसले. धरायला दोघे लागले, नेहमीप्रमाणे.

आवाज नाही. बाहेर तो आहेच, रस्त्यावरची माणसं दचकून वळून बघतात. आत काही नाही. मी म्हणत होते तसंच झालं. स्वप्नीलचा श्वास ऐकू येत होता. तो म्हणाला, आजी, बोल ना काहीतरी, आता ऐकू येतं. म्हटलं, समोर बघून चालव.

बांभोरीच्या पुलावर त्याने गाडी हळू केली. पूल ओलांडला की रस्ता सरळ धुळ्याला जातो. म्हणाला, जायचं का पुढे?

म्हटलं, कोणाकडे?

पूल संपल्यावर त्याने गाडी वळवली.