पिपलानीतली खरेदी कुठे जाते

४ फेब्रुवारी
यांच्या कारखान्याच्या वसाहत कार्यालयातल्या तिवारीसाहेबांनी बोलावलं होतं. शॉपिंग सेंटरचे निम्मे गाळे बंदच आहेत. लोक बाहेरच खरेदी करत असतील तर उरलेले गाळेही रिकामे करून तिथे गोदाम करायचं म्हणतात. त्याआधी क्वार्टरांत फिरून पाहणी हवी, कोण काय कुठून घेतं. बायको नागपूरची अर्थशास्त्राची एम. ए. आहे, हे यांनीच कधीतरी सांगून ठेवलेलं. अकरा वर्षं घरात. भीती वाटली, तरी हो म्हणून आले.

७ फेब्रु.
पंधरा घरं. सगळीकडे एकच उत्तर, "सब यहीं से लेते हैं।" पायांत नव्या चपला, आणि आपल्या सेंटरात चपलांचं दुकानच नाही! कार्यालयाचा कागद पाहून बायका बिचकतात. शेजारच्या देशपांडे वहिनी म्हणाल्या, कागद पिशवीत ठेव, आधी चहा घे, मग विचार.

१० फेब्रु.
वहिनी स्वतः बरोबर आल्या. स्वयंपाक टाकून. आज लोक मोकळे बोलले. कापड, चपला, भांडी, सगळं शहरातून, न्यू मार्केट नाहीतर एम. पी. नगर. कॉलेजात याला गळती म्हणायचो: पगार इथला, गल्ला दुसरीकडचा. आमचं घरही त्यातच. यांच्या दोन्ही पँटी एम. पी. नगरहून, रेडीमेड. आमचा तक्ता खरा भरला. लाज वाटली.

१३ फेब्रु.
ति. साहेबांना झालेले तक्ते दाखवले. म्हणाले, मग ठरलंच की, लोकांना आपली दुकानं नकोत. तक्ते पिशवीत घालून निघाले. पिपलानीच्या बस स्टॉपवर उत्तर सुचलं. चपला इथे मिळतच नाहीत, लोक करतील काय? गळती म्हणजे दुकान नको असंच नाही, दुकान कमी पडतंय असंही असेल. एक प्रश्न वाढवायला हवा: इथे मिळालं तर इथे घ्याल का? म्हणजे सगळी घरं पुन्हा.

१४ फेब्रु.
दिवसभर तीच घरं पुन्हा फिरून परतले तर यांनी कुकर लावलेला. भात गिचका, वरणात मीठ नाही. चवीने जेवले. इतकं बरं कधी वाटलं...

१७ फेब्रु.
रफीक मास्टर, सेंटरातले शिंपी. गाळा गेला तर कुठे जाणार, माहीत नाही. तरी हातातलं काम बाजूला ठेवलं. माझे तक्ते पाहिले आणि म्हणाले, "बहनजी, आप घर-घर पूछ रही हैं। मेरे आधे ग्राहक तो इन घरों के हैं ही नहीं।" गोविंदपुऱ्यातल्या छोट्या कारखान्यांचे कामगार त्यांच्याकडे कपडे शिवून घ्यायला येतात. इथून काय जातं तेवढंच मी पाहत होते. इथे काय येतं हे डोक्यातच आलं नाही. एम. ए.! मास्टरांचे उपकार.

१९ फेब्रु.
काल आणि आज दिवसभर सेंटरच्या तोंडाशी उभी. येईल त्याला विचारायचं, कुठून आलात? शिलाई, पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, तिन्हीकडे बाहेरची माणसं. वस्तीच्या गरजेहून जास्त धंदा, म्हणजे वाढावा. गिरणीवाल्याने न सांगता सावलीत खुर्ची आणून ठेवली.

२५ फेब्रु.
अहवाल दिला. इथे मिळालं तर इथेच घेऊ, असं बहुतेक घरांनी म्हटलं होतं. वहिनींनी शुद्धलेखन तपासलं. दोघी चहा पीत नुसत्या बसून राहिलो.

२ मार्च
बैठकीला मलाही बोलावलं. चार साहेब, मी एकटी बाई. तक्ते टेबलावर मांडले. सांगितलं: जिथे गळती आहे तिथे नवं दुकान चालेल. जिथे बाहेरचे येतात ती दुकानं काढलीत तर ती माणसं पुन्हा येणार नाहीत. माना हलल्या. मग एकाने विचारलं, खात्री किती? म्हटलं, फेब्रुवारीपुरती. सणासुदीची खरेदी मी पाहिलेली नाही. दिवाळीत लोक शहरातच जात असतील, तर चित्र बदलेल. झालं. निर्णय पुढे ढकलला.

बाहेर आल्यावर ति. साहेब म्हणाले, दिवाळीचं बोलला नसतात तर गाळे आजच वाचले असते. दोन पावलं गेले, वळले. "पर अच्छा किया।" दिवाळीतही पाहणी मीच करावी, असं म्हणाले. हो म्हटलं. या वेळी घाबरले नाही.

मास्टरांना बैठकीतलं अजून काही कळलेलं नाही. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी उद्या सकाळी मीच जाते.