हळदीची बोटं

पुणतांबा,
ता. २० सप्टेंबर १९७१, पहिली माळ

ती. सौ. अक्कास,
धाकट्या राहीचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळी बरी आहेत. गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या घोडेगावची मंडळीही खुशाल असतील. पंचमीला मी तुझ्याकडे आले नाही म्हणून तू फुगली आहेस, हे तुझं पत्र न येण्यावरूनच कळलं.

हाताला आता बरं आहे. नगरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, रोज भिंतीशी उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. चढते बाई. काखेत ओढ बसली की थांबते, डोळे मिटते. मग वाटतं, समोर भिंत नाहीच, गोदेचं पाणी आहे आणि हात आपसूक तरंगत वर चाललाय. डोळे उघडावे तर बोटं खांद्याशीच.

परवा हळद कुटून तशीच भिंतीशी गेले. दुपारी शेजारच्या साळूबाई आल्या, पिवळे ठसे पाहून थबकल्या. "राही, भित्तीवर देवीची बोटं उमटल्यात गं. वर चालली हाय माय." लगेच फूल ठेवून हात जोडले. मला हसू आवरेना. सासूबाईंना खरं ठाऊक होतं, तरी त्यांनी तिथे दिवा लावला.

घटावर माळ बांधायचं काम दरसाल माझं. यंदा जाऊबाईंना सांगा म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माळ तुझी हाय. हात न्हाई पोचला तर घट तसाच ऱ्हाईल."

आज सकाळी झेंडूची माळ घेऊन घटापाशी उभी राहिले. डोळे मिटले. गोदेचं पाणी आलं. हात चढत गेला, काख फाटते की काय वाटलं, आणि बोटाला माळेचा वरचा खिळा लागला. मी तिथेच रडले.

अक्का, गाठ काढली एवढंच तुला कळवलं होतं. गाठीबरोबर उजवा स्तनही गेला. तिथे आता सपाट आहे, एक लांब शिवण आहे. ह्यांनी पाहिलं, नजर वळवली नाही. तुझीच भीती वाटली. आई गेल्यापासून पंचमीला तूच मला न्हाऊ घालतेस, म्हणून आले नाही.

दसऱ्याला ये. आपण नदीवर जाऊ. कमरेइतक्या पाण्यात मी दोन्ही हात वर करीन. तू डोळे मिटू नकोस.

तुझी,
एका अंगाने हलकी झालेली
राही