कुंदनच्या पत्त्यावर

बोईसर

प्रिय तेजल,

फोनवर आईचा विषय निघाला की तुझी रेंज जाते. मेसेज केला तर तू अंगठा पाठवतेस. म्हणून हे लांब पत्र. ऑफिसात उघडलं असशील तर बंद कर आणि घरी गेल्यावर वाच.

आई बरी आहे. खोकला आहे, पण कामाला जाते. तिच्या बचत गटाची वेबसाइट मी उन्हाळ्यात करून दिली, हे तुला माहीत आहे. दांडी गावचा सुका जवळा, बोंबील, करंदी, मांदेली. फोटो चांगले आले, दर लिहिले, पार्सल बोईसरहून पाठवायची सोय केली. आणि कोणी आलंच नाही. गटातली चंद्रकांताकाकी सारखी विचारायची, आज कोन आलं गो आपल्या दुकानात? मी सांगायचे, तुम्हीच आलात काकी, सकाळपासून तुम्हीच येताय. त्यांच्या खोलीत पोती पडून होती, पावसाळा तोंडावर आला होता, आणि दमट हवेत जवळा फार दिवस टिकत नाही. या बायकांनी माझ्यावर भरवसा ठेवून व्यापाऱ्याला नाही म्हटलं होतं.

नव्या वेबसाइटला माणसं आणायची तर दुसऱ्या चांगल्या वेबसाइटींवर तिची लिंक लागावी लागते. मी त्यांच्या मालकांना एकेक करून मेल लिहीत होते. काकीला ते पटेना. आमची पोती सडायला आलीत नि तू पत्रं लिवत बसलीस, म्हणाली, बाजारात मिलतात ना लिंका, घे की घाऊक. मिळतात, हे खरं आहे. पण मी तिला विचारलं, पालघरच्या बाजारात नवी बाई टोपली घेऊन बसली तर गिऱ्हाईक तिच्याकडे वळतं का? जुन्या जागेवरची बाई हनुवटीने दाखवते, तिचा बोंबील घे, बरा हाय, तेव्हा वळतं. गुगल तेवढंच बघतं, कोणाकडे कोण बोट दाखवतं. आणि बोट दाखवणारे भाड्याचे निघाले तर ते तुम्हाला बाजारातूनच उठवतं. काकीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, म्हंजे सासूच हाय की. आई हसली. खूप दिवसांनी हसताना पाहिलं तिला.

आमच्या वेबसाइटींच्या धंद्यात लिंक मिळवायची एक रीत आहे. कोणाच्या लिंका अशा पानांकडे जातात की जी पानं आता बंद पडली आहेत, ते शोधायचं. मग मालकाला कळवायचं, तुम्ही ज्या पानाकडे लोकांना पाठवता ते पान आता उरलेलं नाही, त्याच विषयाचं पान आमच्याकडे आहे. बहुतेक जण आभार मानतात आणि लिंक बदलतात. मी ही रीत कितीतरी कारखान्यांच्या वेबसाइटींसाठी वापरली आहे. कधी काही वाटलं नाही. या वेळी सुक्या मासळीवरची बंद पानं शोधायला बसले, आणि जिथे पाहावं तिथे एकच पत्ता. मत्स्यशास्त्राचे एक प्राध्यापक, पाककृती लिहिणारी सोलापूरची एक बाई, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची नोंद ठेवणारे लोक. सगळ्यांची बोटं कुंदनकडे, त्याच्या मासळीच्या वेबसाइटकडे होती.

तुझा दादा ती पानं कुठे बसून लिहायचा हे तुला कधी नीट सांगितलं नाही. आमचं जमल्यापासून एमआयडीसीतली पाळी सुटली की तो माझ्या खोलीवर यायचा. तो सांगायचा, मी टाइप करायचे. मी घाटावरून आलेल्यांची पोर, मला पापलेट आणि हलवा यांतला फरक त्याने शिकवला. दर मासळीचा फोटो तो आईच्या तळहातावर ठेवून काढायचा. मोजपट्टी कशाला, म्हणायचा, आयचा हात हाय की. वाचणाऱ्यांना तो हात पाठ झाला होता. नंतर त्याचं कंत्राट संपलं आणि तो मामाच्या होडीवर जाऊ लागला. पुढचं तुला माहीत आहे. होडी तेवढी परत आली.

वेबसाइटचा पत्ता दरवर्षी नव्याने पैसे भरून आपल्याकडे ठेवावा लागतो. त्याची सूचना कुंदनच्या मेलवर जायची, आणि मेल उघडायला लागणारा ओटीपीचा आकडा त्याच्या फोनवर. फोन त्याच्या खिशात होता. पत्ते देणाऱ्या कंपनीने मला कळवलं, मृत्यूचा दाखला द्या, पत्ता घरच्यांच्या नावावर करून देतो. दाखल्याच्या अर्जावर आईची सही लागणार होती. ती जवळा निवडत होती. मी कागद पुढे केला. कोन मेलाय, तिने विचारलं, आणि निवडत राहिली. मी कागद परत पिशवीत घातला. मुदत टळली आणि पत्ता सुटला. आईला दोष देऊ नकोस. मीही तो कागद पुन्हा बाहेर काढला नाही.

म्हणून त्या सगळ्यांची बोटं रिकाम्या जागेकडे होती, आणि मला वाक्य पाठ होतं. हे पान आता उरलेलं नाही. मी ते एकालाही लिहू शकले नाही. दुसरीकडे मिळतील त्या लिंका शोधत राहिले. काकीची पोती तशीच राहिली, उघडीप मिळाली की ती माल पुन्हा वाळवायची.

नारळी पौर्णिमेला आईने आपणहून विषय काढला. देह मिळाला नाही म्हणजे दर्भाचा पुतळा करून सगळं करतात. या पितृपक्षात करून टाकू, म्हणाली. भटजींना सांगूनही आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकी फोन हातात धरून आईला हाका मारत आली, रखमे, कुंदन लिवतो हाय, कुंदनचं चालू झालंय. खरंच चालू झालं होतं. तोच पत्ता, तीच जुनी पानं, वर त्याचं नाव. आणि दोन नवीन लेख, तेही त्याच्याच नावाने.

आईने भटजींना नको म्हणून कळवलं. खोली झाडली. त्याचे दोन शर्ट धुऊन दोरीवर घातले. शेजारपाजारचे बघून जायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला कळलं होतं काय झालं ते. सुटलेले पत्ते विकत घेणारे लोक असतात. पत्ता जुना, त्याकडे चांगल्या लोकांची बोटं, म्हणून त्याला किंमत. पानं जशीच्या तशी ठेवायची आणि मधल्या मधल्या शब्दांना पत्त्यांच्या जुगाराच्या लिंका लावायच्या. बोंबील कसा वाळवावा हे कुंदन सांगतोय, आणि मीठ या शब्दावर बोट ठेवलं की रमी उघडते. हे मला आईला सांगायचं होतं. मी तीन एसट्या सोडून चौथीने दांडीला गेले.

सांगावं लागलं नाही. मी नवीन लेख उघडून फोन तिच्या हातात दिला. लेखात फोटो होता, पापलेट, तळहातावर ठेवलेलं. आईने फोन डोळ्यांजवळ नेला. मग आपला हात त्याच्याशेजारी धरला. तिचा तळवा तुला माहीत आहे, मिठाने चिरलेला, अंगठ्याखाली कोयत्याची खूण. फोटोतला हात गुळगुळीत होता. यो हात माजा नाय, ती म्हणाली. फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, तो दुसऱ्या कोनाच्या हातावर मासा ठेवील का गो? मी नाही म्हणून मान हलवली. मग कोन ऱ्हातंय त्याच्या नावान?

ते सगळं मी तिला त्या दिवशी सांगितलं. कोण लोक असतात, ते काय करतात. तिने एकच विचारलं, लोकं अजून तिकडं बोट दाखवतात? हो, म्हटलं. तर त्यांना सांग, तिकडं कोनाला धाडू नका. मी म्हटलं, आई, सांगायचं तर त्यांना काहीतरी लिहावं लागेल. काय लिहू? ती उठली. दोरीवरचे शर्ट काढले, घडी घातली. लिव, म्हणाली, कुंदन दर्यात गेला. त्याचं सगलं आता आमच्याकडं हाय.

जुन्या पानांच्या नकला इंटरनेटवर एका ठिकाणी जपून ठेवलेल्या असतात. तिथून मी त्याची सगळी पानं उचलली आणि गटाच्या वेबसाइटवर लावली, आईच्या हाताचे फोटो, खाली त्याचं नाव. मग सगळ्यांना मेल गेले. सगळ्यांना एकच मेल, आईने सांगितलेल्या शब्दांत. प्राध्यापकांनी त्याच दिवशी लिंक बदलली. सोलापूरच्या बाईने बदलली आणि दोन किलो बोंबीलही मागवले. आता रोज माणसं येतात. काकीची निम्मी पोती गेली. उरलेलीही जातील. मी संध्याकाळी बघते, कोण कुठून आलं, आणि दिसतं की जवळजवळ सगळे त्याच्या वाटेने आलेत.

आता हे पत्र कशासाठी ते. त्याच्या पत्त्याकडे जाणाऱ्या लिंकांची यादी मी रोज काढते. एकेक नाव कमी होत होतं. गेल्या आठवड्यात एक वाढलं. तुझ्या पाककृतींच्या ब्लॉगवर, सगळ्यात वर, तू लिहिलं आहेस, दादा पुन्हा लिहू लागला आहे, आणि दादा या शब्दावर लिंक आहे. आईला हे माहीत नाही. तिने भटजींना पुन्हा बोलावलं आहे, पण पुतळा करण्याआधी तिने मला सांगितलं, तेजलला इचार. घरातलं येक मानूस जरी हाक मारीत असेल तर पुतला पान्यात सोडू नये. तेजल, आईला फोटो दाखवण्याच्या आधी मीही त्या पत्त्यावर लिहिलं होतं. एकच शब्द, त्याचं नाव, पुढे प्रश्नचिन्ह. उत्तर लगेच आलं. आमच्या साइटवर लिंक लावण्याचा दर कळवला होता, जास्त घेतल्यास सूट, आणि खाली सही होती, कुंदन. तू लिहिलं असशील तर तुलाही हेच आलं असेल, आणि तू ते कोणाला दाखवलं नसशील. मीही दाखवलं नव्हतं. बाकीच्यांना पाठवलेला मेल मला तुला पाठवता आला नाही. तुझी लिंक मला काढता येत नाही, ज्याने लावली त्यालाच ती काढता येते. सर्वपित्रीला अजून अवकाश आहे. आई थांबली आहे.

अजूनही तुझीच,
दीपाली